किरकोळ मजुरी

माझा धंदा दुसऱ्यांच्या वह्या लिहिण्याचा. कोल्हापुरातलं शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या लहानमोठ्या कारखानदारांचे हिशेब, जीएसटीची रिटर्नं, बँकेला दाखवायचे ताळेबंद यावर माझं घर चालतं. लेथवर काय चाललंय ते मला फारसं कळत नाही, पण लेथवाल्याच्या गल्ल्यात काय चाललंय ते बरोबर कळतं. या वह्यांमध्ये एक नोंद हमखास सापडते: 'किरकोळ मजुरी, रोख'. काही जण 'हेल्पर, रोख' असं लिहितात. पत्रा घेतला तर पत्र्याच्या व्यापाऱ्याचं नाव लिहावं लागतं, डिझेलला पंपाची पावती लागते, चहाच्या बिलावरसुद्धा हॉटेलचं नाव असतं. या एका नोंदीला मात्र नाव लागत नाही. व्हाउचरवर एखादी वेडीवाकडी सही असते आणि पुढच्या महिन्यात ती बदललेली असते. वर्षानुवर्षं मी या रकमांची बेरीज करत आलो. त्या बेरजेच्या आत कोण असतं हे बघायचा प्रसंग आला तो आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंच्या मुलामुळं.

"दादा, ह्याला कुठंतरी चिकटवा की," त्या म्हणाल्या. "बसून राहणारं पोरगं न्हाई माझं."

ते खरंच होतं. वय सतरा. दहावी पन्नास-बावन्न टक्क्यांनी पास, अकरावी कलेला नाव घातलेलं. पहाटे उठून सायकलवरून पेपर टाकायचा. ऊस सुरू झाला की मामाबरोबर गुऱ्हाळावर जाऊन चुलवाणात चिपाड सारायचा. पावसाळ्याच्या तोंडाला बापट कॅम्पात गणपतीच्या मूर्तींना पॉलिशपेपर मारायचा. एवढं सगळं करून त्याच्या हातात सांगण्यासारखं काही नव्हतं. "तुला काय काय येतं?" असं विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "काय बी करंन, काका."

हे उत्तर ऐकून कोणालाही बरं वाटावं. मलाही वाटलं. पण काहीही करीन म्हणणाऱ्या पोराला लोक खरोखरच काहीही करायला लावतात, हे त्यानंतर केलेल्या फोनांमध्ये दिसायला लागलं. माझ्याकडे पक्षकारांची यादी मोठी. त्यातल्या कितीतरी जणांची नोटिशीच्या वेळी रात्रीची झोप मी वाचवलेली. मला वाटलं, दोन-चार फोनांत काम होईल. आणि झालंही तसंच. कामगार मिळत नाहीत ही आमच्याकडच्या कारखानदारांची कायमची तक्रार. बिहार-ओडिशातली माणसं सणाला गावी गेली की महिना-महिना परतत नाहीत. 'कष्टाळू', 'निर्व्यसनी' आणि 'इथलाच' हे तीन शब्द एकत्र ऐकल्यावर पलीकडचा आवाज एकदम गोड होत होता.

पहिलाच मालक फौंड्रीवाला. "उद्या पाठवा, फेटलिंगला घेतो." साच्यातून निघालेल्या कास्टिंगला वाळू चिकटलेली असते, कडांना नको तेवढं लोखंड आलेलं असतं. ते ग्राइंडरनं काढायचं काम म्हणजे फेटलिंग. ठिणग्यांचा फवारा आणि वाळूची धूळ. सिलिकाची ही धूळ एकदा फुप्फुसात बसली की परत निघत नाही. मी म्हटलं, पोरगा सतराचा आहे. ते म्हणाले, "कंत्राटदाराच्या नावावर लावू. आधार कार्ड बघायला कोण येतंय?"

वह्या लिहिणाऱ्याला एक सवय असते, कायद्याचं पुस्तक उघडून बघायची. १९८६च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि चौदा ते अठरा या वयाला 'किशोरवयीन' असा वेगळा रकाना मिळाला. चौदाच्या आतल्या मुलाला कामाला लावायचंच नाही, घरचा व्यवसाय वगैरे थोडे अपवाद सोडून. चौदा ते अठरामधल्याला लावता येतं, पण खाणीत, स्फोटकांत आणि धोकादायक प्रक्रियांमध्ये नाही. या धोकादायक प्रक्रियांची यादी १९४८च्या कारखाना अधिनियमाला जोडलेली होती आणि तिच्यात फौंड्री अगदी वरच्या क्रमांकांत होती, कास्टिंग साफ करण्याच्या कामासकट. म्हणजे ज्या कामाला माझ्या पोराला सगळ्यांत आधी बोलावणं आलं, नेमकं तेच त्याला मनाई असलेलं काम. हा योगायोग नसावा. ज्या जागी माणूस टिकत नाही तिथली जागा कायम रिकामी असते आणि रिकामी जागाच पहिल्यांदा हाक मारते.

दुसरं काम गांधीनगरच्या कापडाच्या होलसेल दुकानात. पगार चांगला, नऊ हजार. काम काय, तर गठ्ठे उतरवायचे, गठ्ठे चढवायचे, मालकांची गाडी पुसायची, दुपारी घरून डबा आणायचा आणि शाळा सुटली की नातवाला घेऊन यायचं. "घरच्यासारखा ठेवू," ते म्हणाले. ठेवलाही असता. माणूस वाईट नव्हता. पण त्या दुकानात याच कामावर असलेला एक मनुष्य मी पाहिला आहे. तो तिथं सतराव्या वर्षी आला होता आणि आता त्याच्या स्वतःच्या मुलाला मिसरूड फुटलं आहे. तो अजून गठ्ठेच उतरवतो, फक्त सावकाश.

त्या दिवसापासून मी पगार नंतर विचारायला लागलो. पहिला प्रश्न हा, की दोन वर्षांनी त्याला काय येत असेल. बहुतेकांना प्रश्नच विचित्र वाटला. "हेल्परला काय यायचंय?" असं एकानं मलाच विचारलं.

त्यांचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला असायचा: "पोरगं कुणाचं?" वरवर बघता साधा प्रश्न. उद्या गल्ल्यातले पैसे घेऊन पळालं तर कोणाला धरायचं, एवढाच त्याचा अर्थ असतो असं विचारणारा सांगेल. पण कोल्हापुरात राहणाऱ्याला त्या प्रश्नाच्या पोटातला दुसरा प्रश्नही ऐकू येतो. आडनाव सांगितल्यावर पलीकडे क्षणभर जी शांतता पसरते, ती मी दोन ठिकाणी ऐकली. तिथं मी पुढं बोललो नाही.

याच गावात शंभर वर्षांपूर्वी एका माणसाला धंद्याला लावलं गेलं, त्याची गोष्ट इथल्या पोराटोरांनाही माहीत आहे. राजवाड्याच्या पागेत काम करणारे गंगाराम कांबळे. तलावातल्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मार बसला, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना चाकरीतून मोकळं करून स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. भाऊसिंगजी रोडवर त्यांनी चहाचं हॉटेल थाटलं. दलिताच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी तिथं थांबवून चहा घ्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावायचे. पैसे देणं राजाला सोपं होतं. त्यांनी रस्त्यावर, सगळ्यांसमोर कप तोंडाला लावला, हे अवघड होतं. कोणाला कामाला लावायचं म्हणजे आपली पत त्याच्या मागं उभी करायची, हे एवढं स्वच्छ दुसऱ्या कुठल्या गोष्टीत मला सापडलेलं नाही. आम्ही साधी माणसं फोनवर "माझ्या ओळखीचा आहे" म्हणतो, ती त्याचीच अगदी चिल्लर आवृत्ती.

शेवटी मेस्त्री आठवले. ते माझे सगळ्यांत लहान पक्षकार. उद्यमनगरातल्या एका बोळात त्यांचं वर्कशॉप: एक जुना लेथ, एक ड्रिल, एक शेपर, दोन माणसं आणि स्वतः. पंपाचे शाफ्ट, रसवंतीच्या घाण्यांची दुरुस्ती, मोठ्या कारखान्यांनी फेकून दिलेली किरकोळ जॉबवर्कं. वयानं सत्तरीच्या पुढं. मी त्यांना आधी विचारलं नव्हतं, कारण त्यांच्या वहीत 'हेल्पर, रोख' ही नोंदच कधी नसायची. म्हणजे ते माणूस घेत नाहीत असं मी धरून चाललो होतो.

त्यांनी पोराला नाव विचारलं, गाव विचारलं नाही. मग म्हणाले, "आजपातूर काय काय मोडलंयस?"

पोरगं गोंधळलं. माझ्याकडं बघायला लागलं. मग हळूच म्हणालं, सायकलचं फ्रीव्हील खोललं होतं, आतल्या गोळ्या सांडल्या, परत बसवता आलं नाही. आईचा मिक्सर. आणि शाळेतलं एक कुलूप, पण ते बिघडलंच होतं आधी.

"कुलूप उघडलं का?"

"उघडलं."

मेस्त्रींनी लोखंडाचा एक चौकोनी तुकडा व्हाइसमध्ये आवळला, हातात कानस दिली आणि म्हणाले, "ही बाजू सपाट कर." आणि ते लेथवर आपल्या कामाला गेले.

मी स्टुलावर बसून बघत होतो. पोरगं तुटून पडलं. गुऱ्हाळाची ताकद, घाम निथळायला लागला, लोखंडाचा कीस खाली साचायला लागला. मला अभिमान वाटला, म्हटलं बघा आता. अर्ध्या तासानं मेस्त्री आले, तुकडा काढला, त्यावर गुण्या लावून दाराकडच्या उजेडात धरला आणि आम्हा दोघांना दाखवला. गुण्या मधोमध टेकला होता आणि दोन्ही टोकांना खालून उजेड दिसत होता. इतक्या कष्टानं त्यानं सपाट बाजूला पोट आणलं होतं.

"जोर हाय तुझ्यात," मेस्त्री म्हणाले. "तो उद्या घरी ठेवून ये."

मग त्यांनी स्वतः कानस धरून दाखवलं, आणि त्या पाच मिनिटांत मला माझ्या तीस वर्षांच्या वह्यांपलीकडचं काहीतरी पहिल्यांदा दिसलं. व्हाइस कोपराच्या उंचीला पाहिजे. पोरगं बुटकं, म्हणून पायाखाली लाकडी फळी सरकवली. डावा पाय पुढं. सुरुवातीला कानशीच्या टोकावरच्या हाताचा भार जास्त, मध्याला दोन्ही सारखे, शेवटी मुठीवरचा जास्त. हे बदलत गेलं नाही तर कानस झोपाळ्यासारखी हलते आणि मधला भाग तेवढा राहतो. कानस पुढं जाताना कापते, मागं येताना नुसती घासते, म्हणून परतताना दाब सोडायचा, नाहीतर दाते मरतात. दात्यांत कीस अडकला तर तारेच्या ब्रशनं साफ करायची, फुंकायची नाही, फुंकलं की कीस डोळ्यात. आणि आधीच खडू चोळून घेतला तर कीस अडकतोच कमी. एवढं सगळं ते एका दमात बोलले नाहीत. एकेक गोष्ट, ती चुकल्यावर. पोरगं फुंकायला वाकलं तेव्हा फुंकण्याचं.

कष्टाळू मुलाबद्दल आपण एक भाबडी समजूत करून घेतो, की त्याच्याकडे मुख्य गोष्ट आहे, बाकीचं येईल हळूहळू. प्रत्यक्षात त्याच्या कष्टांनीच त्याचा घात होण्याची शक्यता जास्त असते. आळशी पोराला मालक चार दिवसांत हाकलतो. मध्यम पोराला कंटाळून का होईना, कुठल्यातरी मशीनवर उभं करतो. पण न सांगता गठ्ठा उचलणाऱ्या पोराला तो गठ्ठ्यापाशीच ठेवतो, कारण तिथून हलवलं तर गठ्ठा कोण उचलणार? म्हणून अशा पोरासाठी काम बघताना कामापेक्षा माणूस बघावा लागतो. त्याच्या ताकदीला भुलणार नाही असा माणूस.

मेस्त्रींनी सांगितलेला पगार मात्र चार हजार होता. मी तो घरी सांगितला तेव्हा पोळपाटावरचं लाटणं थांबलं.

"गांधीनगरात नऊ म्हणालं हुतं नव्हं?"

मी समजावलं. धंदा हातात येईल, दोन-तीन वर्षांत ऑपरेटर होईल, कळंब्याला आयटीआयला फिटरचा नंबर लागला तर आणखी चांगलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते खरं, दादा. पण भाडं ह्या म्हैन्याचं हाय."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दूरचं बघा म्हणून सांगणं ज्याचं जवळचं भागलेलं आहे त्याला परवडतं. मग मी शांतारामबापूंची गोष्ट सांगायला गेलो. व्ही. शांताराम कोल्हापूरचे. पोरवयात हुबळीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये काम केलं, तिथल्या एका तंबूवजा थिएटरात दारावर उभे राहिले आणि १९२०मध्ये बाबूराव पेंढारकर या मावसभावाच्या ओळखीनं बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिरले. तिथं सुरुवातीला पडेल ते काम. पण ज्या माणसाच्या हाताखाली ते पडेल ते काम होतं, त्यानं कॅमेरासुद्धा इथंच, आपल्या हातांनी बनवला होता. दामले आणि फत्तेलाल हेही याच पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. बाईंनी विचारलं, "आणि बाकीची? त्यांच्यासंगं झाडू मारणारी?" त्यांचं म्हणणं बरोबर होतं. अशा गोष्टी पोचलेल्यांच्याच सांगितल्या जातात.

तोडगा माझ्या बायकोनं काढला. ती म्हणाली, "मेस्त्रींच्या रिटर्नांची फी तुम्ही किती घेता? ती घेऊ नका, पोराच्या पगारात घाला म्हणा." मेस्त्रींना हे सांगितल्यावर त्यांना राग आला. फुकटात काम करून घेणारा माणूस नव्हे मी, म्हणाले. दोन दिवसांनी त्यांनीच फोन केला. पगार सहा, आणि फी मी घ्यायची नाही असं नाही, तर "पोरगं तयार झालं की वसूल करा" अशी पुस्ती. बाई तयार झाल्या. पेपरची लाइन चालू ठेवायची, हे त्यांनी आणि पोरानं परस्पर ठरवलेलं होतं.

आता तो १९८६चा कायदा म्हणतो की किशोरवयीन मुलाला संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम देऊ नये. पेपर साडेपाचला पडतो. कोल्हापुरातच काय, सगळ्या महाराष्ट्रात लोक सकाळचा चहा या कलमावर ठेवून पितात. मी त्यात पडलो नाही. वर्कशॉपपुरतं मात्र पाळायचं असं ठरवलं: दिवसाला विश्रांती धरून सहा तासांच्या वर नाही, सलग तीन तासांनंतर तासाची सुट्टी, आठवड्यात एक दिवस पूर्ण मोकळा. मेस्त्रींचं वर्कशॉप इतकं लहान, की बाकीच्या बऱ्याच कायद्यांच्या तोंडी ते येत नाही. यंत्रावर वीस माणसं असतील तर कारखाना, इथं तीन. तीस माणसं असतील तर शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक, चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक. इथं तेही नाही. कारखान्यांसाठीच्या जुन्या कायद्यात एक चांगलं कलम होतं: धोक्याच्या यंत्रावर कोवळ्या वयाच्या माणसाला उभं करायचं तर धोके पूर्ण समजावून, पुरेसं शिकवून किंवा जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच. मेस्त्रींनी ते वाचलेलं नाही. ते पोराला शेपरकडे पाठ करून उभं राहू देत नाहीत आणि ढगळ बाह्यांचा शर्ट घालून आलं तर घरी पाठवतात. ज्यांनी वाचलं होतं त्यांनी मला कंत्राटदाराचं नाव सुचवलं होतं. छोट्या जागी सगळं एका माणसाच्या स्वभावावर असतं, आणि स्वभाव वारसा हक्कानं मिळत नाही. मेस्त्रींचा मुलगा पुण्यात आयटीत आहे.

कायद्यानं एक नोंदवही मात्र ठेवावी लागते, ती मी स्वतः आखून दिली. नाव, जन्मतारीख, कामाची वेळ, मधली सुट्टी, कामाचं स्वरूप. मेस्त्री म्हणाले, "तीन माणसांत हजेरी कसली? नसलं तर दिसतंयच की." मी म्हटलं, असू दे. ती वही पोरगं स्वतः भरतं. सुरुवातीची पानं बघितली तर 'कामाचं स्वरूप' या रकान्यात रोज एकच शब्द आहे: फायलिंग. कुठंतरी मध्ये 'ड्रिल धरणे' येतं. पुढं 'टॅपिंग'. एका दिवशी 'एम सिक्सचा टॅप मोडला' असं लिहिलं आहे आणि दुसऱ्या दिवशी 'कालचा टॅप काढला'. भोकात मोडलेला टॅप काढणं किती जिकिरीचं असतं ते मला मेस्त्रींकडूनच कळलं; त्यांनी नवीन टॅपचे पैसे कापले नाहीत, पण मोडलेला काढायला दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. वर्षाच्या हिशेबाला बसलो तेव्हा ती वही आणि पगाराचं खातं समोरासमोर ठेवून मी ताडून बघितलं. त्याची काही गरज नव्हती. रक्कम लहान होती.

गेल्या आठवड्यात बाई म्हणाल्या, "दादा, आता धाकटी मागं लागलीया. तिला मोटर वायंडिंग शिकायचंय म्हणं." भावाबरोबर दोन-तीनदा वर्कशॉपला जाऊन आली, बोळाच्या तोंडाला वायंडिंगवाल्याचं दुकान आहे, तिथं उभी राहून बघत होती. मी पुन्हा फोन सुरू केले. पहिले हसले. दुसऱ्यांनी विचारलं, "पॅकिंगला चालेल काय? आमच्याकडं बायका हायत." तिसऱ्यांनी आधी वय विचारलं. पंधरा, मी म्हटलं, दहावीला आहे.

"मग परीक्षा होऊ दे. एप्रिलात घेऊन या," ते म्हणाले. "आणि तिला एक विचारून ठेवा, मोजताना कुणी मधी बोललं तर आकडा इसरती काय? एक वेढा कमी-जास्त झाला तरी मोटर तापते."